इनहेलर बदलला की श्वास ओढायची पद्धतही बदलते, ते कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला दम्यावरचा लेख वाचला. इनहेलरला घाबरू नका हे ठणकावून लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण 'इनहेलर बदलल्यावरचे त्रास किरकोळ असतात, आपोआप जातात' असं म्हणून जो विषय एका वाक्यात उरकलात, त्यात माझे दोन महिने गेलेत.

मी शिक्षक. अकरा वर्षं स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून पंप घेत होतो. मग पावडरचा इनहेलर लिहून दिला, 'औषध तेच आहे, फक्त डबी वेगळी' एवढं सांगून. पंधरा दिवसांत आवाज बसला, दुसऱ्या तासालाच इतका घोगरा व्हायचा की मागच्या बाकांवर ऐकू जाईना, मुलं 'सर, मोठ्याने' म्हणायची आणि मी फळ्यावर लिहून तास काढायचो. मग जिभेवर आणि टाळ्याला पांढरे चट्टे आले, जेवताना आग व्हायची. धाप काही कमी होईना म्हणून धाप लागली की तात्पुरता घ्यायचा तो निळा पंप दिवसातून चार-पाचदा मारायला लागलो, तर छातीत धडधड आणि हात असे थरथरायचे की खडू धरवेना. घरचे म्हणाले टेन्शन घेतोस, आणि तुमच्या लेखातही तेच, 'काहींना भीतीमुळे त्रास जाणवतो'. चट्टे काय भीतीने येतात?

मधे वैतागून इनहेलर बंदच केला. चौथी रात्र उशीला टेकून बसून काढली. असं कृपा करून कोणी करू नका.

शेवटी एका नर्सबाईंनी "माझ्यासमोर घ्या बघू" म्हटलं तेव्हा उलगडा झाला. पंपातला फवारा गॅसच्या जोरावर बाहेर येतो, तो सावकाश, चार-पाच सेकंद लावून ओढायचा. पावडरला तसा जोर नसतो, आपल्याच श्वासाने ती सुटी होऊन आत जाते, म्हणून सुरुवातीपासूनच जोरात ओढायची. मी अकरा वर्षांच्या सवयीने हळूच ओढत होतो. म्हणजे औषध फुफ्फुसात कमी जायचं आणि घशातच जास्त बसायचं, त्यात स्टेरॉइड असतं, त्याने आवाज गेला आणि तोंडात बुरशी धरली. आधी स्पेसरमुळे घशात कमी पडायचं म्हणून चूळ न भरता निभावलं होतं, आता दर वेळी गुळण्या करून पाणी थुंकून टाकतो. चट्टे औषधाने गेले, निळा पंप क्वचित लागतो, हात थरथरत नाहीत. आवाज अजून पूर्ण आलेला नाही.

दोन मिनिटं लागली हो बाईंना. तीच दोन मिनिटं इनहेलर बदलला त्या दिवशी कोणी दिली असती तर? आणि बदल करताना पेशंटला विचारायला नको का, की तुम्हाला एवढ्या जोरात ओढायला जमेल का? म्हाताऱ्या माणसांचं, लहान मुलांचं काय होत असेल?

अजून एक. लेखासोबतच्या फोटोतल्या बाईंनी पंप उलटा धरलाय, डबी खाली आणि तोंड वर. तसा धरला तर डोस नीट येत नाही. ज्याला कोणी शिकवलं नाही तो फोटो बघूनच शिकणार, तेव्हा पुढच्या पुरवणीत बरोबर फोटो छापा, आणि जरा मोठा छापा.

आपला,
एक शिक्षक