बास्केटखालचा कॅमेरा

संपादक महोदय,

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला डंक, म्हणजे उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये घालणे, टीव्हीवर इतक्या जवळून दिसतो, कारण बेसलाइनबाहेर, म्हणजे बास्केटमागच्या कोर्टाच्या रेषेबाहेर, कुणीतरी कॅमेरा घेऊन जमिनीलगत बसलेले असते. लेन्स वाइडच ठेवावी लागते. झूम केलेला असला की अंगावर येणाऱ्या खेळाडूची फक्त जर्सी दिसते, तीही धूसर. दुसरा डोळा व्ह्यूफाइंडरबाहेर उघडा हवा. धडक येताना कॅमेरा पोटाशी घेऊन बाजूला वळायचे. पाय पुढे पसरायचे नाहीत, त्यावर खेळाडूचा घोटा मुरगळतो. मागे केबल धरणारा माणूस लागतोच. केबल ढिली पडली तर कोर्टवर सरकते, ताणली तर कनेक्टर निसटतो.

2014 मध्ये एनबीएने बास्केटच्या खांबाशेजारची मोकळी जागा वाढवली, छायाचित्रकारांच्या जागा कमी केल्या. आपल्याकडच्या बास्केटबॉल स्पर्धांचे थेट प्रक्षेपण आता मोबाइलवरही होते, पण ट्रायपॉड बऱ्याचदा खांबाला खेटून उभा असतो. हे धोक्याचे आहे. आयोजकांनी खांबाच्या दोन्ही बाजूंना किमान चार फूट मोकळे सोडावेत आणि बेसलाइनवर ट्रायपॉडला मनाई करावी. शिवाय आपली वीज 50 हर्ट्झची. म्हणून कॅमेऱ्याचे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवले, तर हॉलमधल्या दिव्यांचा लुकलुकाट बहुधा टळतो.

— एक कॅमेरामन, पुणे