मांजर नाही हो, ती सेखमेत!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इजिप्तच्या लेखासोबत जो फोटो छापलाय त्याखाली 'मांजरदेवी बास्तेत, बसाल्ट' असं लिहिलंय. ती सेखमेत आहे हो, इजिप्तचीच सिंहमुखी देवी. बास्तेतही आधी सिंहाच्याच तोंडाची होती, मांजर ती नंतर झाली, त्यामुळे गफलत होते हे कबूल, पण फोटोत बाईंच्या पायांशेजारी आसनावर तिसऱ्या आमेनहोतेपचं नाव कोरलेलं दिसतंय, आणि या राजाने इ.स.पूर्व 14व्या शतकात सेखमेतच्या इतक्या मूर्ती घडवल्या की अभ्यासक 700च्या वर आकडा सांगतात. एकट्या इटलीतल्या तुरिनच्या म्युझियममध्ये 21 आहेत. आणि बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा कातळ, हा दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानकडचा ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटसारखा दगड, काही मूर्तींत तर मधूनच गुलाबी शीर गेलेली दिसते.

लेखात पुढे 'आपल्या सिंहवाहिनीचंच रूप' असंही आहे, ते काही पटलं नाही. सेखमेत सिंहावर बसत नाही, तिचं स्वतःचंच तोंड सिंहिणीचं. तुलना करायचीच तर नरसिंहाशी करा, तीही लांबूनच. कारण तिची गोष्टच वेगळी आहे, रा या सूर्यदेवाने तिला माणसांना शिक्षा करायला पाठवलं, तर ती थांबेचना, शेवटी बियरमध्ये गेरूसारखा लाल रंग मिसळून शेतं भरून टाकली, बाईसाहेब रक्त समजून प्यायल्या आणि झिंगून पडल्या, माणसं वाचली. गंमत म्हणजे हिचेच पुजारी वैद्यकीही करायचे. रोगराई पाठवणारी तीच आणि बरं करणारीही तीच! हे लेखात एका ओळीतसुद्धा नाही.

आम्ही दोघं इजिप्तमध्ये कर्नाकच्या मोठ्या देवळांच्या आवारात ग्रुप टूरने गेलो होतो, गाइडने खांबांचे फोटो काढायला दीड तास दिला आणि म्हणे झालं, चला. आम्ही मागे राहून उत्तरेकडच्या प्ताह देवाच्या छोट्या देवळात गेलो (प्ताह म्हणजे हिचा नवरा), पहारेकऱ्याने दार लोटलं तर आत मिट्ट काळोख, छताला फक्त एक भोक, त्यातून येणारा उजेड थेट तिच्या अंगावर. उभी मूर्ती, डोक्यावर सूर्याची चकती, हातात पपायरसचा दंड. कानामागची आयाळ कुठे संपते आणि बायकी केसांचा टोप कुठे सुरू होतो ते जवळ जाऊनही कळत नाही, इतकं सफाईदार काम. मिसेस एरवी म्युझियममध्ये कंटाळते, इथून हलायला तयार नव्हती. बस चुकता चुकता राहिली आणि बोलणी बसली ती वेगळीच.

तर पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाच, आणि फोटो परत टाकणार असाल तर जरा मोठा टाका, मागच्या वेळी अर्धी चकती जाहिरातीखाली गेली होती.

आपला,
एक जुना वाचक