आधी उचला नव्हे, आधी पाहू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या एप्रिलमध्ये, हापूसची काढणी ऐन भरात असताना, आमच्या गावातील एका बागेत कलमाची फांदी मोडून दोघे जण एकाच वेळी खाली कोसळले. त्यांपैकी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा हात मनगटाच्या वर मोडून वाकडा झाला होता आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. दुसरा, वयाने मोठा गडी, जांभ्याच्या गडग्यावर डाव्या कुशीवर आपटला होता. पण तो उठून बसला होता आणि ‘माका काय नाय, पोराकडे बघा’ असे म्हणत होता. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही वीस-पंचवीस माणसे त्या मुलाभोवती गोळा झालो होतो.

गाडीतून उतरलेल्या डॉक्टरबाईंनी प्रथम वर पाहिले. मोडलेल्या फांदीचा अर्धा भाग अजून लोंबकळत होता, म्हणून त्यांनी सर्वांना झाडाखालून बाजूला केले. किती जण पडले, किती उंचीवरून, कशावर, हे विचारले. मुलाकडे जाऊन त्याच्याशी एक वाक्य बोलल्या, हाताला कुठे रक्त वाहते आहे का ते पाहिले आणि तेथून उठून त्या गप्प बसलेल्या गड्याकडे गेल्या. जमावाचा संयम तेथे सुटला. ‘आदी उचला त्येला, मग काय ता इचारा!’ असे ओरडणाऱ्यांत मीही होतो आणि हे पत्र लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

त्यांनी पायलटला, म्हणजे गाडीच्या चालकाला, गड्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरायला सांगितले, कारण उंचावरून पडलेल्या माणसाच्या मानेच्या मणक्याला इजा नाही असे कोणीही नुसत्या नजरेने सांगू शकत नाही. त्याचे नाव विचारले, श्वास मोजला, मनगटाची नाडी पाहिली, नख दाबून सोडले आणि त्याचा गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले. अंगाला गार घाम सुटला होता आणि नाडी फार जलद होती. रक्तदाब मात्र ठीक होता, आणि तेवढ्यावरून आम्ही ‘बीपी नॉर्मल आहे ना, मग झालं’ असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. त्यांनी डाव्या बरगड्यांखाली हलकेच हात ठेवताच गडी कळवळला. जवळच्या रुग्णालयात न थांबता, जेथे शस्त्रक्रिया होते आणि रक्त मिळते अशाच ठिकाणी त्याला नेण्याचा निर्णय त्यांनी तेथेच घेतला. त्याची प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव, फाटली होती हे संध्याकाळी कळले. आज तो हिंडतो-फिरतो आहे. मुलाचा हात फळीला बांधून त्याला दुसऱ्या गाडीने नेण्यात आले आणि तोही बरा झाला.

या तपासणीमागील क्रम मी नंतर एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून समजून घेतला. ओरडणाऱ्या माणसाचा श्वासमार्ग मोकळा असतो, कारण हवा आत-बाहेर गेल्याशिवाय आवाज निघत नाही. म्हणूनच अनेक जखमी असताना गप्प पडलेल्याकडे आधी जायचे असते. रक्त जोराने वाहत असेल तर ते प्रथम दाबून धरायचे. मग श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि त्यानंतरच कपडे बाजूला करून डोक्यापासून पायापर्यंत पाहायचे. जीव ज्या गोष्टीने सर्वांत लवकर जातो ती आधी पाहायची, असा हा हिशेब आहे. मोडलेला हात दिसायला कितीही भयंकर असला तरी या क्रमात त्याचा नंबर खाली लागतो. रक्तदाबाबाबतचा आमचा समजही त्यांनी दूर केला. तरुण, धडधाकट माणसाच्या अंगातील पंधरा ते तीस टक्के रक्त वाहून गेले तरी त्याचा रक्तदाब टिकून राहू शकतो. त्याआधी वाढते ती नाडी, आणि गार पडतात ते हातपाय.

शुद्धीचेही असेच आहे. माणूस स्वतःहून बोलतो की हाक मारल्यावर, की चिमटा काढल्यावरच हालचाल करतो, की कशालाच प्रतिसाद देत नाही, या चार पायऱ्या कोणालाही ओळखता येतील. डॉक्टर याहून बारकाईने पाहतात. ग्लासगो येथील दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. घटनास्थळी १४ असलेले गुण वाटेत ११ झाले, तर मेंदूवरचा दाब वाढत असल्याची शंका घेता येते. पण त्यासाठी पहिला आकडा आपल्या घाईमुळे घ्यायचा राहून गेलेला नसावा लागतो. अत्यवस्थ रुग्णाची ही तपासणी दर पाच मिनिटांनी पुन्हा केली जाते.

नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी केलेल्या अशा निरीक्षणाचे मोल कोकणाला तरी सांगावे लागू नये. विंचूदंशाने आपली मुले मरत होती त्या काळात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यांतूनच पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचाराचा मार्ग निघाला. फुरसे चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येते का, मण्यार चावलेल्याच्या पापण्या जड होत आहेत का, हे पाहण्यासाठीही वेळ द्यावाच लागतो. दंश किती वाजता झाला हा प्रश्न विचारला गेला की नातेवाईक चिडतात. पण ते उत्तर आपल्याखेरीज देणार कोण?

प्रश्नांबद्दलही थोडे सांगायला हवे. काय होते आहे, कसली ॲलर्जी आहे का, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वीचा आजार कोणता, शेवटचे कधी खाल्ले-प्यायले आणि हे घडण्यापूर्वी काय चालले होते, एवढेच विचारले जाते. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आजोबा पडवीत घसरून डोक्यावर पडले तर ती एक माहिती सगळे उपचार बदलते. आपल्या वाड्यांवर मुले मुंबईला आणि घरात दोन वृद्ध, अशी परिस्थिती घरोघर आहे. औषधांची चिठ्ठी देवघराजवळ किंवा दाराच्या मागे लावून ठेवली तर शेजाऱ्यालाही उत्तर देता येईल.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ ची ही सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीबरोबर डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू आहे. पण डॉक्टर आणि पायलट मिळून माणसे दोनच. पाखाडीवरून स्ट्रेचर चढवायला गावकऱ्यांचे हात लागतातच. मात्र ते हात डॉक्टरांनी सांगितल्यानंतर पुढे व्हावेत. जखमीला बसते करू नये, पाणी पाजू नये, आणि रिक्षात कोंबून मान वाकवू नये.

रुग्णालयांकडेही एक तक्रार आहे. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला नोंदीचा कागद पुढच्या ठिकाणी न वाचताच बाजूला ठेवला गेला आणि नातेवाईकांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. पडल्यानंतरच्या पहिल्या तासातील नाडी, श्वास आणि शुद्धीचे आकडे त्या कागदाखेरीज कोठेही नसतात. तो घेणाऱ्याने वाचून सही करावी, असा नियम कटाक्षाने पाळला जावा.

काढणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, फाल्गुनातच, प्रत्येक ग्रामपंचायतीने बागायतदार, गडी आणि वाडीतील तरुण यांना एकत्र बोलावून १०८ च्या डॉक्टरांकडून तासाभराचे प्रात्यक्षिक घडवून आणावे, आणि आपल्या दैनिकाने त्यासाठी आवाहन करावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या बागेत यंदा शिमग्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते ठेवण्याचे ठरले आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार वाचक,
जि. रत्नागिरी