आणीबाणी उठली, नाका तसाच होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतली तीन पिढ्यांची चर्चा वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं, माझ्या अंकातलं मधलं एखादं पान गळालं असावं. आजोबा निवृत्त प्राध्यापक, मुलगा संगणक कंपनीत, नात परदेशी शिकायला निघालेली. आजोबांना समाजवाद प्रिय, मुलाला खुला बाजार, नातीला दोन्ही थोडंथोडं. तिघं एका घरातली, एका शहरातली आणि छायाचित्रावरून दिसतं त्याप्रमाणे एकाच सोफ्यावरची. एवढ्यावरून महाराष्ट्रातल्या तीन पिढ्या समाजवादाकडे आणि स्वातंत्र्याकडे कशा पाहतात ते आपल्या प्रतिनिधीला कळलं. अभिनंदन.

प्राध्यापकांबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे आधीच सांगते. आणीबाणीत ते तुरुंगात होते, आणि त्या पिढीची थट्टा करण्याची माझी लायकी नाही. लोकसभेची मुदत परस्पर वाढवली म्हणून मधू लिमयांनी तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला. मृणालताई गोऱ्यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आणल्या. दुर्गाबाई भागवत १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध जे बोलल्या, ते बोलायला मोठमोठ्यांची जीभ रेटत नव्हती. आणि रेल्वेमंत्री झाल्यावर मधू दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली. त्या गादीवर मी आयुष्यभर झोपून प्रवास केला आहे, तेव्हा समाजवाद्यांनी काय केलं, असं मला विचारू नका.

चिरंजीवांचं मात्र नवल वाटलं. लायसन्स-परमिट राज म्हणजे काय, तर त्यांच्या घरी टेलिफोन यायला वर्षं लागली आणि स्कूटरचा नंबर लागेना. आमच्या गावात टेलिफोनची वाट कुणी पाहतच नव्हतं, त्यामुळे तो त्रास आम्हाला झाला नाही. आमचा त्रास वेगळा होता आणि तो तुमच्या चर्चेत कुठेच नाही. एका ओळीतही नाही.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना ती समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढंच : कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्या कुणाला विकला तर गुन्हा.

व्यापारी साव होते असं मी म्हणत नाही. तोलाईत मारायचे, कट्टी म्हणून वजनातून मनमानी घट कापायचे आणि भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. म्हणून योजना आली तेव्हा आमच्या घरी कौतुकच होतं. आमच्या गावचे एक समाजवादी मास्तर तर बाबांना सांगायचे, आता शेतकऱ्याला कुणी लुबाडू शकणार नाही. बाबांनी पहिल्या वर्षी केंद्राच्या दारात नारळ फोडला होता.

मग केंद्र कळू लागलं. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग, रांगेतच रात्र काढायची, बैलांना वैरण घरून न्यायची. नंबर आला की प्रत ठरवणारा ग्रेडर बंडीत हात खुपसून मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी उसवून पाहायचा आणि म्हणायचा, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, जास्त आहे. माझ्या आईनं आणि आम्ही बहिणींनी पाठ मोडून वेचलेला, कचरा काढलेला कापूस खालच्या ग्रेडला जायचा. चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं, आणि दुसरा हप्ता कधी ते केंद्रातल्या कारकुनालाही माहीत नसायचं. सावकाराचं व्याज मात्र हप्त्यासाठी थांबत नव्हतं. शेजारच्या राज्यात व्यापारी रोख देत होते, आणि सीमा आमच्या वावरापासून एका रात्रीच्या वाटेवर होती.

आणीबाणी उठून गेल्यानंतरच्या हंगामातली गोष्ट. दिल्लीत जनता सरकार होतं, देश पुन्हा स्वतंत्र झाला होता, मास्तर तुरुंगातून सुटून आले होते आणि त्यांची गावातून मिरवणूक निघाली होती. त्याच हिवाळ्यात बाबांनी एका रात्री बंडीत कापूस भरला, वर कडबा रचला आणि निघाले. राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर धरले गेले. शिपायानं विचारलं, “माल कोनाचा?” बाबा म्हणाले, “माह्या वावरातला हाय.” तो म्हणाला, “मंग चोरासारखा काहून नेतं?”

याला बाबांना उत्तर देता आलं नाही. मला अजून देता येत नाही. प्राध्यापकांना येत असेल तर त्यांनी आपल्या अंकातून जरूर द्यावं.

पंचनामा झाला. सकाळपर्यंत बाबांना बसवून ठेवलं. कापूस जप्त, बंडी आणि बैल बंधपत्रावर परत. जप्त झालेला कापूस पुढे कोणत्या ग्रेडला गेला, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. नंतर तारखा सुरू झाल्या. तालुक्याला जायचं, दिवस घालवायचा, पुढची तारीख घेऊन यायचं. ज्या मास्तरांची मिरवणूक निघाली होती ते एकदा तारखेला बाबांबरोबर आले, हे त्यांचं मोठेपण. पण येताना एसटीत म्हणाले, “दादा, योजना चांगलीच आहे, अंमलबजावणी चुकते आहे.” बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबा समाजवादाच्या विरोधात होते का? आपला प्रतिनिधी आला असता तर त्याची पंचाईत झाली असती. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं : सरकारनं कापूस घ्यावा, हमीनं घ्यावा, पडत्या भावात तर घ्यायलाच पाहिजे, पण दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून माझा रस्ता अडवू नये. आता हा माणूस तुमच्या सोफ्यावर कुठल्या कोपऱ्यात बसवायचा? स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आलेल्या, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची सभा आमच्याकडे झाली तेव्हा बाबा गेले, मांडी घालून संपूर्ण भाषण ऐकलं आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, “याले नाका माहीत हाय.”

प्राध्यापक म्हणतात, १९७७ मध्ये आम्ही स्वातंत्र्य परत आणलं. आणलं, खरंच आणलं. पण १९७८ च्या ज्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीचे दरवाजे बंद केले, तिनंच मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला, हे ते सांगत नाहीत. दोन्ही कामं एकाच पिढीनं, एकाच कागदावर केली. त्यांना त्यात विसंगती दिसली नसेल. ज्याच्याजवळ पाच-सात एकर कोरडवाहूशिवाय काहीच नव्हतं, त्याला ती दिसायला हवी होती, पण त्याला विचारलं कुणी?

आता चिरंजीवांचं १९९१, म्हणजे खुल्या बाजाराचं साल. त्या जुलैत बहुतेक कारखान्यांची लायसन्सं गेली, फार बरं झालं. कापसाचं काय झालं? २०१२ च्या मार्चमध्ये, म्हणजे खुलेपणाला वीस वर्षं उलटून गेल्यावर, एका आदेशानं कापसाची निर्यात बंद. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गिरण्यांसाठी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ. गिरणीला खुला बाजार आणि शेतकऱ्याला देशहित, अशी ती वाटणी आहे. चिरंजीवांनी नुसती स्वतःची स्कूटर मोजली आणि स्वातंत्र्य आल्याचं जाहीर करून टाकलं.

नातीवर मी रागावणार नाही, ती लहान आहे. तिला घटनेच्या उद्देशिकेतल्या ‘समाजवादी’ शब्दावरचा वाद मजेशीर वाटतो म्हणे. तिला कुणीतरी सांगा, की १९८९ पासून या देशात पक्षाची नोंदणी करायची असेल तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लेखी द्यावं लागतं. बाजाराचा जयजयकार करणारे पक्षही देतात. तेव्हा बाई, ही मजा तुझ्या पिढीची नाही, जुनीच आहे.

माझा एक भाचा तिच्याच वयाचा आहे. शेती करतो. कापसाचे भाव पडले की हमीभावानं सरकारी खरेदी व्हावी म्हणून तो मोबाइलवर नोंदणी करतो, आधार जोडतो, नंबर लावतो. आणि हाच मुलगा पेरताना ‘चोर बीटी’ हे बिनपरवाना कापसाचं बियाणं पेरतो, कारण निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याला सरकारची परवानगी नाही. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते बियाणं उघडपणे, कॅमेऱ्यांसमोर पेरलं होतं. भाचा उघडपणे पेरत नाही, त्याला बायको-मुलं आहेत. त्याला सरकार हवंही आहे आणि नकोही आहे. माझ्या बाबांना हवं होतं आणि नको होतं, अगदी तसंच. आजोबा आणि नातू पन्नास वर्षांच्या अंतरानं एकच मागत असतील, तर पिढ्यांचा हा सिद्धांत आपण कुठून आणला? प्राध्यापक आणि माझे बाबा जवळपास एकाच वयाचे होते. ग्रेडरच्या टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण उभा होता, एवढं विचारलं असतं तरी जन्मसाल विचारायची गरज पडली नसती.

जाता जाता आणखी एक. चर्चेच्या मथळ्यावर आपण विळा-हातोडा छापला आहे. एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोऱ्यांच्या समाजवादाला विळा-हातोडा! त्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी झोपडी होती. आपल्या कार्यालयात एवढं माहीत असलेलं आता कुणीच उरलं नाही का? प्राध्यापकांनी ते चित्र पाहिलं असेल तर तुरुंगात झाला नसेल एवढा मनस्ताप त्यांना त्या दिवशी झाला असेल.

आणि माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलंत, तेही नेमका मुद्दा सुरू होण्याआधी. जागेची अडचण मी समजू शकते. पण त्याच पानावर एका दंतमंजनाची जाहिरात अर्धं पान पसरली होती. हे पत्र कापायचंच असेल तर गादीचा परिच्छेद कापा, नाक्याचा ठेवा. तेही जमणार नसेल तर छापूच नका, परत पाठवा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव-गाव छापू नये. भाच्याचा विचार करावा.)