आवाहन : खाजणातल्या गाळाची मोजणी पावसाआधी व्हायलाच हवी

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पनवेलला असलेली आपली मंडळी, सर्वांना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

उरण पट्ट्याला बंदराच्या वाटेतला गाळ उपसणं नवीन नाही. जहाजं यायची तर वाट खोल ठेवावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपलं भांडण उपसलेला गाळ कुठे आणि कसा टाकला, याच्याशी आहे. खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या खाडीकाठच्या चिखलजमिनीच्या, दक्षिण अंगाला मातीचा बांध घालून साठवलेल्या गाळाला आता दोन पावसाळे झाले. बांधाला दोनदा खांड पडली आणि पातळ गाळ थेट तिवरांत (कांदळवनात) उतरला. तिवराची मुळं चिखलातून बोटभर वर येऊन हवा घेतात. ती गाडली गेली की झाड उभ्या जागी सुकतं. उघाडीपासून (खारबांधातल्या पाणी सोडायच्या वाटेपासून) पुढे चालत गेलात तर दिसेलच. जमीन इतकी वर आली आहे की भांगाच्या दिवसांत (भरती कमी चढते तेव्हा) तिथे पाणी चढत नाही. चिखलात राहणाऱ्या निवट्या माशांची बिळं बुजली. खुबे काढायला गेलेल्या बायका अर्धी टोपली घेऊन परततात. त्यात खाडीच्या तळाचा काळा गाळ उन्हावाऱ्यात वाळला की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं, आणि पहिल्या पावसाबरोबर ते खाली कोलंबीच्या पिल्लांपर्यंत पोचतं.

हे सगळं आपण तोंडी सांगतो आणि समोरून छापील अहवाल येतो. म्हणून मोजमाप आपलं हवं. पुण्याच्या हरित लवादाने २०१५ साली उरण भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना भरपाई द्यायला सांगितली, ती लोकांनी कागदपत्रं घेऊन दाद मागितली म्हणून. उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनाला आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिलं, तेही आपल्या बाजूचंच आहे.

मंडळाने आजवर रिकाम्या हाताने काही केलेलं नाही, ते तुमच्यामुळेच. उघाडीची दारं बदलायची होती तेव्हा मासळीबाजारातल्या आपल्या माउल्यांनी एका दिवसाची सगळी विक्री आणून टेबलावर ठेवली. नोटांना मासळीचा वास होता, तो अजून आठवतो. निवृत्त गुरुजींनी वर्षानुवर्षं भरती-ओहोटीची आणि रोहित पक्ष्यांची वही ठेवली. ती वही नसती तर खाजण आधी कसं होतं हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं. वरच्या आळीतल्या भावाने होडी दिली आणि डिझेलचे पैसे घेतले नाहीत. ही माणसं पुन्हा पुन्हा देतात, म्हणून पुन्हा त्यांच्याकडेच जायची लाज वाटते.

स्पष्ट लिहितो, राग नसावा. गेल्या वर्षी हेच आवाहन केलं तेव्हा पाच घरांतून उत्तर आलं. पालखीला शंभर गाड्या येतात, त्याचा आनंदच आहे. पण ज्या खाडीच्या जिताड्यावर आपण वाढलो, तिच्यासाठी पाच घरं, हे मनाला लागलं.

गाळ मुळात वैरी नाही. आजोबा-पणजोबांनी खारबांध याच चिखलाने घातले. धातूंची तपासणी करून, बांध पक्का ठेवून, वरचं पाणी निवळल्यावरच सोडलं तर हाच गाळ फुटक्या बांधांना लागेल. आपली मागणी तेवढीच आहे.

गरज : एकूण ४८,००० रुपये (गाळ-पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासणे, पातळी मोजायच्या खुणेच्या काठ्या, होडीचं डिझेल, माहिती अधिकाराचे अर्ज व झेरॉक्स). पैसे रोख किंवा धनादेशाने मंडळाच्या कार्यालयात, संध्याकाळी ७ ते ९, पावती घेऊनच द्यावेत. काठ्या रोवायला १० जण हवेत, वनखात्याची परवानगी आल्यावर, ओहोटीच्या वेळी; गमबूट स्वतःचे आणावेत. १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर येतील, तोवर थांबता येणार नाही. मे महिन्यातल्या अमावास्येच्या उधाणाआधी पहिली मोजणी झाली पाहिजे.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. गुरुजींच्या वहीतली पानं भिजू लागली आहेत. कुणाकडे चांगला स्कॅनर असेल तर कृपया कळवावे.