दादा, त्या पेन्सिलच्या आकृतीबद्दल आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

टोचऱ्या आवाजाचा कंडेन्सर माइक मऊ करण्यासाठी वहीच्या पानावर पेन्सिलने काढून दिलेली तुमची आकृती आता आमच्या सोल्डरिंगच्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. जेफेट (माइकचा नाजूक सिग्नल उचलणारा ट्रान्झिस्टर; त्याचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स), त्याच्या वर-खाली दोन सारखे रेझिस्टर, ड्रेन आणि सोर्सच्या मधोमध एक कपॅसिटर, आणि खाली गिरवून गिरवून लिहिलेलं ‘गेटला हात लावू नका’. हे आभार उघड पत्रातून मानतोय, कारण टोचणाऱ्या आवाजाचे माइक पुष्कळांकडे पडून आहेत. तुम्ही शिकवलेलं आकड्यांसकट त्यांच्यापर्यंत गेलेलं बरं.

पहिले आभार मूळ दोष दाखवल्याबद्दल. स्वस्त मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक ‘स’, ‘श’, ‘च’वर कानात टाचणीसारखा घुसला की लोक सुट्या भागांना शिव्या देतात आणि दिसेल तो कपॅसिटर बदलत सुटतात. तुम्ही सांगितलंत की खोट जोडीत आहे. के ६७ जातीची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा पडद्याचा भाग, मुळातच ट्रेबलला (वरच्या पट्टीला) चढते. १९६० साली आलेल्या न्यूमन कंपनीच्या यू ६७ या माइकमध्ये ती चढण सर्किटमधल्या फीडबॅकने परत खाली आणलेली असते, आणि त्याबरोबर सर्किटची वरच्या पट्टीतली सूंsss सुद्धा दबते. १९६७ च्या यू ८७ मध्येही हीच युक्ती आहे. स्वस्त माइकात कॅप्सूल त्याच घराण्याची, पण तिच्यामागे बसवलेलं असतं शोएप्स या माइक कंपनीच्या धाटणीचं, ट्रान्सफॉर्मर नसलेलं सपाट (कुठलीच पट्टी न चढवणारं-उतरवणारं) सर्किट. चढवणारा आला, उतरवणारा आलाच नाही. मग महागडे कपॅसिटर घालून ८ ते १२ किलोहर्ट्झची ती चढण जाणार कशी? सिग्नलच्या वाटेतला साधा सिरॅमिक काढून फिल्मचा घालणं चांगलंच, पण ते वेगळं काम आहे.

दुसरे आभार, कपॅसिटर कुठे लावू नये हे आधी सांगितल्याबद्दल. सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ती जागा म्हणजे गेट ते ग्राउंड, आणि तीच चुकीची. कॅप्सूल स्वतःच एक कपॅसिटर आहे. ती ६० पिकोफॅरडची धरली आणि तिच्यापुढे आणखी ६० पिकोफॅरड लावले, तर सगळ्याच वारंवारिता सारख्या ६ डेसिबेलने खाली येतात. ट्रेबल आहे तिथेच राहतो, माइक मात्र बसका होतो आणि गेन वाढवला की खरखर वर येते. दुसरी मोहाची जागा एक्सएलआरच्या, म्हणजे माइकची केबल लागते त्या जोडणीच्या, २ आणि ३ नंबरच्या पिना. तिथला आउटपुट इम्पिडन्स १०० ओहमच्या आसपास असेल तर १० किलोहर्ट्झला कापायला जवळपास १६० नॅनोफॅरड लागतात, आणि तेवढं ओझं शेवटच्या ट्रान्झिस्टरांनी ओढायचं. जोरात गायलेला ‘स’ मऊ होण्याऐवजी फाटतो.

आता तुमची जागा. या सर्किटात जेफेट एकच सिग्नल दोन उलट तोंडांनी बाहेर काढतो, एक ड्रेनवरून, एक सोर्सवरून, आणि दोन्हीकडे साधारण २.२ किलोओहमचे रेझिस्टर असतात. ड्रेन ते सोर्स कपॅसिटर लावला की दोन्ही बाजू सारख्याच उतरतात. डीसी त्यातून जात नाही, म्हणून बायस (जेफेटचं ठरलेलं डीसी व्होल्टेज) जिथल्या तिथे राहतो. किती उतरणार हे जेफेटच्या ट्रान्सकंडक्टन्सवर (गेटच्या व्होल्टेजने करंट किती बदलतो त्यावर) ठरतं. तो २ मिलिसीमेन्स धरला तर ३ डेसिबेल पडण्याची जागा कागदावर अशी येते: १० नॅनोफॅरडला १९.५ किलोहर्ट्झ, १५ ला १३, २२ ला ९. म्हणजे १५ नॅनोफॅरडने १० किलोहर्ट्झला २ डेसिबेल जातात, ५ किलोहर्ट्झला जेमतेम अर्धा-पाऊण, २० ला ५ च्या वर. २२ नॅनोफॅरड आम्हाला तरी फार वाटतो. गळ्यावर घोंगडं टाकल्यासारखा आवाज येतो.

प्रत्येक जेफेट वेगळा, त्यामुळे आकडे थोडे सरकणारच. त्यावरचा तुमचा तोडगा सोपा आहे: आधी १० चा लावा, ३ डेसिबेल कुठे पडतात ते मोजा आणि त्रैराशिक मांडा. १० ला १८ किलोहर्ट्झ आले आणि हवेत १२, तर १५ नॅनोफॅरड. मोजताना कॅप्सूलची वायर सोडवायची आणि तिच्या जागी ६८ पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून ऑसिलेटरचे (ठरावीक सूर देणाऱ्या यंत्राचे) ५० मिलिव्होल्ट सोडायचे. त्या वेळी माइकवर पत्र्याचं झाकण हवंच, नाहीतर मीटरवर दिसेल ती विजेची घरघर. ऑसिलेटर नसेल तर स्पीकरसमोर माइक एका खुणेवर ठेवून आधी आणि नंतर तोच स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्यायचा आणि दोन आलेखांची फक्त वजाबाकी बघायची. खोली आणि स्पीकर दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते वजाबाकीत निघून जातात. माइक बोटभर सरकला की मोजमाप मात्र वाया.

कपॅसिटरच्या मालिकेत रेझिस्टर घालायचं तुमचं टिपण तर सोन्यासारखं आहे. नुसता कपॅसिटर वर वर उतरतच जातो आणि आवाजातली हवा नेतो. १० नॅनोफॅरडच्या मालिकेत १.५ किलोओहम घातला की उतार पायरीसारखा थांबतो: त्याच जेफेटला ५ किलोहर्ट्झवर १ डेसिबेल, १० वर २, आणि २० वर ३ च्या जरा पुढे. त्याची किंमत म्हणजे ५ किलोहर्ट्झचा तो एक डेसिबेल. मुळात पुढे येणाऱ्या, ठसठशीत आवाजाला हे शोभतं. दबक्या, कुजबुजत्या आवाजाला नुसता कपॅसिटरच बरा.

कपॅसिटर पॉलिप्रोपिलीन फिल्मचा किंवा सीओजी सिरॅमिकचा, १०० व्होल्टचा. एक्स७आर जातीचा सिरॅमिक नको. तो टिचकी मारली तरी वाजतो आणि व्होल्टेजबरोबर त्याची किंमत बदलते.

प्रत्यक्ष कामातल्या तुमच्या सूचना जशाच्या तशा देतोय. फँटम (केबलमधून माइकला मिळणारा वीजपुरवठा) बंद करून दोन मिनिटं थांबायचं. सगळ्यात आधी कॅप्सूलवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवायची, कारण काही मायक्रॉन जाडीच्या त्या सोनेरी पडद्यावर सोल्डरमधल्या फ्लक्सचा धूर बसला किंवा बोट लागलं तर पुसायची सोय नाही. जेफेटच्या पायांचा क्रम पाठ असल्याच्या भरवशावर राहायचं नाही, तो भागागणिक बदलतो. फँटम चालू करून दोन सारख्या रेझिस्टरांच्या जेफेटकडच्या टोकांवर व्होल्टेज मोजायचं: जास्त असेल तो ड्रेन, कमी तो सोर्स. गेटवर मल्टिमीटर टेकवायचाच नाही. तिथला रेझिस्टर १ गिगाओहमचा आणि मीटर १० मेगाओहमचा, त्यामुळे मीटर गेटला खाली ओढतो आणि दिसणारा आकडा खोटा असतो. पुन्हा फँटम काढायचा, थांबायचं, आणि कपॅसिटर जेफेटच्या पायांना न लावता रेझिस्टरांच्या त्याच टोकांना सोल्डर करायचा. तिथे गेटपासून लांब राहता येतं. शेजारी पॉलिस्टायरीनचा कपॅसिटर असेल तर त्याच्या पायाला चिमटा लावून उष्णता काढून घ्यायची, तो लगेच वितळतो.

नंतर काय बिघडतं तेही तुम्हीच सांगून ठेवलंत. माइक चालू केल्यावर फटफट, तडतड ऐकू आली तर कपॅसिटरला दोष द्यायचा नाही. गेटच्या आसपास फ्लक्स किंवा बोटाचा घाम आहे आणि गिगाओहमला बाजूने गळती लागली आहे. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवलं की ती जाते. माइक जवळजवळ मुका झाला तर कपॅसिटरचं एक टोक गेटवर बसलंय. घरघर आली तर बॉडीचा ग्राउंड स्क्रू ढिला राहिलाय. हे तिसरं इतक्यांदा होतं की आता आम्ही तेच आधी बघतो.

माइकच्या तोंडावरच्या जाळीबद्दल एवढंच: आतला बारीक जाळीचा थर काढला की परतणारे ध्वनी कमी होतात आणि वरची पट्टी जरा मोकळी होते, पण ‘प’, ‘फ’चे फटके आणि धूळ थेट कॅप्सूलवर येतात. कॅप्सूलवर व्होल्टेज असल्याने धूळ तिच्याकडे ओढलीच जाते. तेव्हा पॉप फिल्टर कायम लावणाऱ्यानेच ती काढावी. ट्रेबलला कमी चढणारी के ४७ धाटणीची कॅप्सूल बसवणं हा सरळ उपाय आहे, सपाट सर्किटाशी तिचं चांगलं जमतं. पण त्यात माइकचा अख्खा स्वभाव बदलतो, आणि तुम्ही म्हणता तसं, आधी दोन नॅनोफॅरड इकडेतिकडे करून बघावं.

आकृतीची प्रत काढताना ‘डी’ आणि ‘एस’ ही अक्षरं पुसट आली होती, ती शाईने गिरवून घेतली आहेत. फिल्मच्या कपॅसिटरला उलटसुलट नसतं, तेव्हा कुणी टोकं अदलाबदल केली तरी बिघडत नाही, हे बाजूला लिहिलंय. चुकलं असेल तर कळवा.

तुमचे,
माइक उघडून बसणारे आम्ही सगळे