फायबर पंचायतीपर्यंत आलं, पाड्यावर कधी येणार?

मा. संपादक, स.न.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर इंटरनेटचा डबा लागून दोन वर्षं झाली. हिरवा दिवा लुकलुकतो, पण नेट ऑफिसाच्या बाहेर ओट्यावरसुद्धा धड मिळत नाही आणि आमचा पाडा तर तिथून तीन किलोमीटर, मधे ओढा आणि टेकडी. जूनमध्ये शेजारची मुलगी कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला टेकडीवरच्या कातळावर डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसली होती, ओटीपी येईपर्यंत पेज बंद पडायचं, तीनदा तसंच झालं आणि चौथ्यांदा मोबाईलच भिजला.

केंद्र सरकारची भारतनेटची योजना २०११ साली मंजूर झाली (तेव्हा नाव वेगळं होतं), अडीच लाख पंचायतींना फायबरने, म्हणजे काचेच्या तंतूंच्या इंटरनेट केबलने, जोडायचं म्हणून. पण आमच्या जव्हारकडे पंचायत म्हणजे एक गाव नसतं हो, लांबलांब विखुरलेले पाडे असतात. प्रत्येक पाड्यापर्यंत केबल टाकायची तर खोदाई, जंगलाची परवानगी, आणि टाकली तरी रस्त्याच्या कामात जेसीबी ती तोडतो, आमची मेन केबल अशीच तुटून महिनाभर बंद होती.

मग वायरलेस का नाही जोडत? पंचायतीच्या गच्चीवर खांब, त्यावर ५.८ गिगाहर्ट्झचा रेडिओ (म्हणजे हवेतून नेट पाठवणारं यंत्र), पाड्यावर समोरासमोर दुसरा रेडिओ आणि तिथून वायफाय. भार सगळा फायबरने वाहायचा, शेवटचे दोन-तीन किलोमीटर फक्त हवेतून. लहरींच्या या पट्ट्याला (बँडला) २०१८ पासून लायसन्स लागत नाही. लोक म्हणतात पावसात बंद पडेल, पण या फ्रिक्वेन्सीला पावसाचा फारसा त्रास होत नाही, त्रास होतो मधे येणाऱ्या झाडांचा आणि डोंगराचा, म्हणून टेकडीवर एक रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) लागेल, सोबत सोलर पॅनल आणि बॅटरी कारण लाईटचा भरवसा नाही.

हे मी मनचं सांगत नाही. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या गावांत वायरलेसने इंटरनेट पोचवून दाखवलंय, २०१७ मध्ये मोझिलाच्या (फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांच्या) स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीसही मिळालं. मग ते सगळ्या पाड्यांवर का पोचत नाही? फायबरच्या कामातच पाड्यांचे रेडिओ धरले पाहिजेत आणि दुरुस्तीला गावातलाच एखादा पोरगा शिकवून ठेवला पाहिजे, नाहीतर बिघाड झाला की आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही.

टेकडीवरची जागा आमच्या भावकीतली आहे, रिपीटरच्या खांबासाठी ती फुकट द्यायला आम्ही तयार आहोत. अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा एवढं तुमच्या पेपरातून कोणीतरी सांगा.

एक वाचक, ता. जव्हार, जि. पालघर